आइन्स्टाईन, कॅव्हेंडिश आणि आजोबांचा फॉरवर्ड

गेल्या पावसाळ्यात एक आजोबा नातवाला घेऊन ओपीडीत आले. सोबत मुलाची आई होती. मुलगा तीन वर्षे दोन महिन्यांचा. शब्द मोजून पाच, तेही मनात आले तर. हाक मारली तर वळून बघत नाही, पण स्वयंपाकघरात बिस्किटाचा पुडा फोडल्याचा आवाज झाला की दुसऱ्या खोलीतून धावत येतो. आई सांगत होती, मी केस पेपरवर लिहून घेत होतो. तेवढ्यात आजोबांनी खिशातून मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फॉरवर्ड होता. न्यूटन, आइन्स्टाईन, मोझार्ट आणि आपले रामानुजन यांचे फोटो आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेले : हे सगळे ऑटिस्टिक होते.

"डॉक्टर, आइन्स्टाईन चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता म्हणे. मग आमच्याच पोराच्या मागे एवढी घाई कशाला?"

आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने मुलगा कंटाळला म्हणून आजोबा त्याला बाहेरचे मासे दाखवायला घेऊन गेले, तेव्हा ती बोलली. मूल दीड वर्षाचे असतानाच तिला शंका आली होती. पण घरात विषय निघाला की दर वेळी आइन्स्टाईन आडवा यायचा. असे करत करत आणखी दीड वर्ष गेले होते.

हा फॉरवर्ड तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. काहींनी पुढेही पाठवला असेल. म्हणून आज उपचारांबद्दल न लिहिता थोडे इतिहासात जाऊ. दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचे निदान करता येते का? करायचेच म्हटले तर कशाच्या आधारावर?

आधी थोडे नावाबद्दल. ऑटिझमला मराठीत आपण स्वमग्नता म्हणतो. 'ऑटिझम' हा शब्द स्विस मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वापरला, पण तो स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. लहान मुलांमधली एक वेगळी अवस्था म्हणून तिचे वर्णन १९४३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील लिओ कॅनर यांनी केले. त्यांच्या लेखात ११ मुले होती, ८ मुलगे आणि ३ मुली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी तशाच काही मुलांबद्दल लिहिले. त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरबाईंनी सहा मुलग्यांचे फार बारकाईने वर्णन केले होते, पण त्यांच्याकडे पुढे कित्येक दशके कोणाचे लक्ष गेले नाही. म्हणजे १९४३ पूर्वीच्या कोणत्याही माणसाला हे निदान मिळणे शक्यच नव्हते. अशी माणसे नव्हती असा मात्र याचा अर्थ नाही. मधुमेहाला नाव मिळण्यापूर्वीही लोकांना मधुमेह होतच होता.

नाव मिळाल्यावर पुढे जे झाले ते आईवडिलांच्या दृष्टीने वाईट होते. मूल असे झाले कारण आईने माया दिली नाही, असा सिद्धांत निघाला. 'फ्रिजसारखी थंड आई' अशा अर्थाचा शब्दप्रयोग अमेरिकेत रूढ झाला. शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ साली त्यावर अख्खे पुस्तक लिहिले आणि ते खूप खपले. हजारो आया या आरोपाखाली जगल्या. हे शास्त्र कधीच मोडीत निघाले, पण आपल्याकडे त्याचा चुलतभाऊ अजून जिवंत आहे : "सूनबाईंनी मोबाईल दिला म्हणून पोरगं बोलत नाही."

ही लाज इतकी जुनी असल्यामुळे प्रतिभावंतांची यादी का आवडली ते समजते. १९८१ मध्ये लंडनच्या लोर्ना विंग यांनी (त्यांची स्वतःची मुलगी स्वमग्न होती) आस्पर्गरचे काम इंग्रजी वाचकांपुढे आणले आणि 'आस्पर्गर सिंड्रोम' हे नाव रूढ केले. १९९४ साली ते अमेरिकन मानसोपचाराच्या डीएसएम या निदानग्रंथात आले. बुद्धी चांगली, भाषा चांगली, पण माणसांत अवघडलेले असे लोक आता निदानाच्या कक्षेत आले. लगेच चरित्रे उघडली गेली. २००३ मध्ये सायमन बॅरन-कोहेन आणि गणितज्ञ आयोन जेम्स यांनी न्यूटन आणि आइन्स्टाईन यांच्याबद्दल तशी शक्यता मांडली. आयर्लंडचे मायकेल फिट्झजेराल्ड यांनी २००४ च्या पुस्तकात विट्गेनश्टाईनपासून रामानुजन यांच्यापर्यंत अनेकांना त्या रांगेत बसवले. व्हॉट्सअ‍ॅपवर पोहोचेपर्यंत त्यातले 'कदाचित' गळून पडले.

आजोबांच्या आइन्स्टाईनपासून सुरुवात करू. तो उशिरा बोलायला लागला याला थोडा आधार आहे. आईवडिलांना काळजी वाटून त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतला होता, असे त्याने स्वतः नंतर लिहिले. वाक्य आधी ओठांतल्या ओठांत म्हणून बघायचे आणि मग मोठ्याने म्हणायचे, अशी त्याची लहानपणची सवय होती, हे बहीण माया हिने नोंदवले आहे. पण 'चार वर्षे बोललाच नाही' हे कुठून आले? तो दोन वर्षांचा झाल्यावर काही महिन्यांनी त्याच्या आजीने लिहिलेले पत्र उपलब्ध आहे आणि त्यात छोट्या आल्बर्टच्या गमतीदार कल्पनांचे कौतुक आहे. न बोलणाऱ्या मुलाच्या कल्पना आजीला कशा कळल्या असतील? मायाचा जन्म १८८१ च्या नोव्हेंबरात झाला, तेव्हा आल्बर्ट दोन वर्षे आठ महिन्यांचा होता. तुला खेळायला बाळ आणले आहे असे त्याला सांगितले, तेव्हा बाळाकडे बघून त्याने, याची चाके कुठे आहेत, असे विचारल्याची आठवण त्या घरात सांगितली जायची. आठवण थोडी सजवलेली असेल. तरी पूर्ण प्रश्न विचारणारे, अपेक्षाभंग बोलून दाखवणारे हे मूल आहे. माझ्या ओपीडीतल्या मुलाचे शब्द पाच होते आणि ते तो कोणाला काही सांगण्यासाठी वापरत नव्हता.

मोठेपणीही आइन्स्टाईनला मित्रांचा तोटा नव्हता. बर्नमध्ये असताना दोन मित्रांबरोबर त्याने थट्टेने 'ऑलिंपिया अकादमी' काढली होती. वाचायचे, वाद घालायचे, जेवायचे. मिशेल बेसोशी त्याची मैत्री पन्नासहून अधिक वर्षे टिकली. तो स्वमग्न नव्हता असे मी म्हणत नाही. त्याच्या चरित्रातून तसे ठरवण्याजोगे काही हाती लागत नाही, एवढेच म्हणतो. (गणितात नापास झाल्याची गोष्ट तर साफ खोटी आहे. पंधरा वर्षांचा होण्याआधी तो कॅलक्युलस शिकला होता.)

आता यादीतले सर्वांत भक्कम नाव घेऊ. हे फॉरवर्डमध्ये सहसा नसते, कारण फोटो ओळखीचा नाही. हेन्री कॅव्हेंडिश. जन्म १७३१, मृत्यू १८१०. दोन्हीकडचे आजोबा ड्यूक, घरात अमाप पैसा. हायड्रोजन हा वेगळा वायू आहे हे त्याने १७६६ मध्ये दाखवले. १७९८ मध्ये त्याने पृथ्वीची घनता पाण्याच्या ५.४८ पट असल्याचे सांगितले. आजचा आकडा ५.५१ आहे. हे मोजण्यासाठी त्याने लंडनजवळच्या क्लॅपहॅममधल्या घरी प्रत्येकी सुमारे १५८ किलोचे शिशाचे दोन गोळे टांगले आणि त्यांच्या ओढीने छोटे गोळे किती हलतात हे तो खोलीच्या बाहेरून, भिंतीत बसवलेल्या दुर्बिणीतून बघत असे. आत गेले तर अंगाच्या उष्णतेने हवा हलेल म्हणून. १७८५ च्या एका प्रयोगात हवेचा एक बारीकसा बुडबुडा काही केल्या संपेना, तेवढीही नोंद त्याने करून ठेवली. शंभरेक वर्षांनी, १८९४ मध्ये, तो बुडबुडा म्हणजे आरगॉन वायू हे कळले. आणि विजेवरचे त्याचे बरेचसे काम त्याने छापलेच नाही. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने त्याच्या वह्या तपासून १८७९ मध्ये ते प्रसिद्ध केले, तेव्हा लोकांना कळले की इतरांच्या नावावर असलेले काही नियम या माणसाच्या कपाटात आधीच पडून होते.

आता माणूस म्हणून तो कसा होता? चरित्रात हे किस्से आहेत. रात्रीच्या जेवणात काय हवे ते तो चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवायचा, स्वयंपाकिणीशी बोलायचा नाही. घरातल्या मोलकरणींनी नजरेस पडू नये अशी सक्त ताकीद होती. एकदा जिन्यात एक समोर आली, तर त्याने दुसरा जिना बांधून घेतला. जुन्या, मागच्या पिढीच्या पद्धतीचे, विटलेल्या जांभळ्या रंगाचे कपडे. जेवणात नेहमी मेंढीची तंगडी. एकदा पाच जण जेवायला येणार होते, एक तंगडी पुरणार नाही असे नोकराने सांगितल्यावर त्याने दोन करायला सांगितल्या. स्वतःच्याच ग्रंथालयातून पुस्तक नेताना तो वहीत रीतसर नोंद करायचा. एका समारंभात एका ऑस्ट्रियन पाहुण्याने तोंडावर स्तुती सुरू केली, तेव्हा तो मान खाली घालून उभा राहिला आणि गर्दीत फट दिसताच पळत जाऊन बग्गीत बसला. त्याच्याशी बोलायचे कसे, याची युक्ती शास्त्रज्ञ वोलॅस्टन सांगत असे : त्याच्याकडे बघायचे नाही, समोरच्या हवेशी बोलल्यासारखे बोलायचे. मग उत्तर मिळण्याची शक्यता असते.

हे वाचताना माझ्यातला डॉक्टर सावरून बसतो, हे कबूल करतो. नजर टाळणे, ठरलेले जेवण, ठरलेले कपडे, एकाच विषयात बुडून जाणे. ऑलिव्हर सॅक्स यांनी २००१ मध्ये 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. न्यूटन, आइन्स्टाईन यांच्याबद्दलचे दावे त्यांना पोकळ वाटत होते. पण कॅव्हेंडिशच्या बाबतीत पुरावा जबरदस्त आहे, असे त्यांचे मत पडले. सॅक्ससारखा माणूस म्हणतो तेव्हा ऐकावे लागते.

तरीही मी केस पेपरवर निदान लिहिणार नाही. कारण हे किस्से आले कुठून ते बघा. जवळजवळ सगळे जॉर्ज विल्सन यांच्या १८५१ च्या चरित्रातून. विल्सन यांचा जन्म १८१८ चा. म्हणजे कॅव्हेंडिश मेल्यानंतर आठ वर्षांनी. त्यांनी त्याला कधी पाहिले नव्हते. म्हाताऱ्या लोकांना विचारून, त्यांनी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी पाहिलेले किंवा ऐकलेले त्यांनी गोळा केले. आपल्या घरातल्या एखाद्या विक्षिप्त पणजोबांचे किस्से आठवून बघा. त्यांनी वर्षानुवर्षे रोज केलेल्या साध्या गोष्टी कोणाला आठवत नाहीत. एकदा त्यांनी जावयाला अंगणात उभे ठेवले होते, ते मात्र चार पिढ्या टिकते. दुसरा जिना तसाच असू शकतो.

शिवाय किस्से बाजूला ठेवून कागदपत्रे बघितली तर वेगळा माणूस दिसायला लागतो. जुंगनिकल आणि मॅककॉर्मक या चरित्रकार दांपत्याने हे काम केले. कॅव्हेंडिश रॉयल सोसायटीच्या कामात वर्षानुवर्षे होता. सोसायटीच्या सभासदांच्या गुरुवारच्या जेवणाला तो सहसा चुकत नसे. बारूदखान्यांचे विजेपासून रक्षण कसे करावे यासाठी १७७२ मध्ये नेमलेल्या समितीत तो बेंजामिन फ्रँकलिनसोबत होता. ब्रिटिश म्युझियमचा तो विश्वस्त होता. चार्ल्स ब्लॅग्डेन या सहकाऱ्याला घेऊन तो १७८० च्या दशकात इंग्लंडभर कारखाने आणि खाणी बघत फिरला, आणि मृत्युपत्रात त्याने ब्लॅग्डेनसाठी रक्कम ठेवली. समित्यांत बसणारा, मित्राबरोबर प्रवास करणारा माणूस स्वमग्न असू शकत नाही का? नक्कीच असू शकतो, माझ्या ओळखीतच आहेत. पण मग किस्से सांगताना हा अर्धा भाग गाळायचा नाही.

आणखी एक गोष्ट मला डॉक्टर म्हणून जास्त महत्त्वाची वाटते. स्वमग्नतेचे निदान मोठ्या माणसाच्या स्वभावावरून होत नाही. ते बालपणावरून होते. आपण दोन बाजू बघतो : माणसांशी देवाणघेवाण कशी आहे, आणि वागण्यात, आवडीत, आवाज-स्पर्श-प्रकाश सहन करण्यात ठरावीकपणा किंवा टोकाचा वेगळेपणा आहे का. पण हे सगळे लहानपणापासून असले पाहिजे आणि त्याने रोजच्या जगण्यात अडचण आली पाहिजे. मोठ्या वयात दिसणारा बुजरेपणा सामाजिक भीतीतून येऊ शकतो, बहिरेपणातून येऊ शकतो, नैराश्यातून येऊ शकतो, किंवा माणूस अतिश्रीमंत असून त्याला कोणाची गरजच नाही यातूनही येऊ शकतो. कॅव्हेंडिश जेमतेम दोन वर्षांचा असताना त्याची आई वारली. तो कधी बोलायला लागला, कशाशी खेळायचा, हाकेला वळायचा का, हे सांगणारा एकही कागद नाही. बालपणाची हिस्ट्री नाही तर निदान नाही. माझ्याकडे असा केस पेपर आला तर मी 'माहिती अपुरी' असा शेरा मारीन. कॅव्हेंडिशसाठी वेगळा नियम कशाला?

अडचणीबद्दलही तेच. त्याची चिठ्ठी, त्याचा दुसरा जिना, हे पैशाने विकत घेतलेले उपाय होते. त्याच स्वभावाचा माणूस गिरणीत किंवा शेतावर मजुरी करत असता तर त्याचे काय झाले असते, हे इतिहास सांगत नाही, कारण त्याचे चरित्र कोणी लिहिले नसते. यादीत बायका का जवळजवळ नाहीत, याचेही उत्तर बऱ्याच अंशी हेच आहे.

रामानुजन यांच्याबद्दल थोडे लिहायलाच हवे, कारण फॉरवर्डमध्ये त्यांचा फोटो बघून आपली छाती फुगते. पहिली तीन वर्षे ते फारसे बोलले नाहीत, असे चरित्रकार रॉबर्ट कनिगेल यांनी लिहिले आहे. पुढे केंब्रिजमधला एकटेपणा, स्वतःच केलेला स्वयंपाक, गणिताचे वेड. पण दोन प्रसंग बघा. प्रशांतचंद्र महालनोबिस एकदा थंडीत त्यांच्या खोलीवर गेले, तर रामानुजन शेगडीजवळ बसलेले. रात्री कोट घालून, शाल पांघरूनच झोपतो, म्हणाले. महालनोबिस यांनी पलंग बघितला. पांघरुणे गादीखाली नीट खोचलेली होती आणि त्यांच्या आत शिरायचे असते हे रामानुजन यांना माहीतच नव्हते. हे स्वमग्नतेचे लक्षण नाही. आपल्याकडे अंथरूण असे घालत नाहीत, एवढेच. दुसरा प्रसंग : त्यांनी काही भारतीय मित्रांना स्वतः रांधून जेवायला वाढले. पाहुण्या स्त्रियांनी दोनदा घेतले, तिसऱ्यांदा नको म्हणाल्या. थोड्या वेळाने बघतात तर यजमान गायब. काही दिवसांनी ऑक्सफर्डहून पाच पौंड पाठवा अशी तार आली. आपला अपमान झाला असे वाटून ते निघून गेले होते. आग्रहाने वाढण्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही ती कळ समजेल. इथे तर माणसांच्या वागण्याचा अर्थ गरजेपेक्षा जास्तच लावला गेला आहे. परका देश, महायुद्ध, शाकाहारी माणसाची उपासमार आणि मोठे आजारपण, यातून आलेल्या एकटेपणावर दुसऱ्या देशात बसून निदानाचे लेबल चिकटवणे मला पटत नाही.

मग इतिहासात स्वमग्न माणूस सापडतच नाही का? सापडतो. पण तो प्रतिभावंत नाही.

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य भागात बोर्ग नावाचे गाव आहे. तिथल्या जमीनदार घराण्यातला थोरला मुलगा ह्यू ब्लेअर. आईने त्याचे लग्न लावून दिले. धाकटा भाऊ जॉन याने एडिंबराच्या न्यायालयात दावा लावला, की ह्यूला लग्न म्हणजे काय हेच कळत नाही, म्हणून हे लग्न रद्द करावे. जॉनचा हेतू स्वच्छ नव्हता. ह्यूला मुले झाली असती तर इस्टेट त्याच्या हातून जाणार होती. १७४७ साली खटला उभा राहिला. ह्यू तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. २९ साक्षीदार तपासले गेले : नोकर, शेजारी, गावकरी, लहानपणापासून ओळखणारे लोक. ते सगळे लिहून ठेवले गेले. अडीचशे वर्षांनी मानसशास्त्रज्ञ उटा फ्रिथ आणि इतिहासकार रॅब ह्यूस्टन यांनी ते कागद एकत्र बसून वाचले आणि २००० साली त्यावर पुस्तक लिहिले.

साक्षींमधून दिसणारा ह्यू असा. विचारलेला प्रश्नच तो उत्तर म्हणून परत म्हणतो. काटक्या आणि पिसे गोळा करतो. चर्चमध्ये त्याची जागा ठरलेली, तिथे दुसरा कोणी बसलेला त्याला चालत नाही. कपडे फाटले तरी टाकत नाही, ठिगळे लावत राहतो. आसपास कोणाचाही अंत्यविधी असला, बोलावणे असो नसो, हा हजर. कोणाच्याही घरी कधीही जातो. वाचता येते, अक्षर बरे आहे. न्यायालयात त्याला लेखी प्रश्न दिले तेव्हा त्याने उत्तराच्या जागी प्रश्नच उतरवून काढला.

हे वाचून मला ओपीडीतली कितीतरी मुले आठवली. "तुझं नाव काय?" "तुझं नाव काय?" याला आम्ही एकोलेलिया म्हणतो. इथे एखाद्याने चाळीस वर्षांनी सांगितलेला किस्सा नाही. एकमेकांना दुजोरा देणारी, शपथेवर दिलेली, हयातभर पाहणाऱ्यांची माहिती आहे. साक्षीदारांत दोन पक्ष होते, म्हणून एका बाजूची अतिशयोक्ती दुसरीकडून तपासता येते. फ्रिथ यांनी स्वमग्नतेचा निष्कर्ष काढला तो या पायावर, आणि मला तो पटतो. न्यायालयाने लग्न रद्द केले. पण त्या साक्षींत आणखी काही आहे, जे निदानाइतकेच मोलाचे आहे. ह्यूची चर्चमधली जागा गावाला माहीत होती. तो न बोलावता आला तरी लोक त्याला ओळखत होते. चाळीस वर्षे तो त्या गावात राहिला, हिंडला, जेवला. खटला झाला तो इस्टेटीमुळे.

असाच दुसरा माणूस आपल्या काळातला. कॅनर यांच्या ११ मुलांमधला पहिला, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. जन्म १९३३. तीन वर्षांचा असताना त्याला संस्थेत ठेवायला सांगितले गेले, आईवडिलांनी ठेवलेही, आणि वर्षभरात परत घरी आणले. कॅनर यांना दाखवण्यापूर्वी वडिलांनी मुलाबद्दल ३३ पानांचे पत्र लिहून पाठवले. काय खातो, काय फिरवतो, कोणते शब्द उलटेसुलटे म्हणतो, सगळे. कॅनर यांच्या त्या प्रसिद्ध लेखाची सुरुवातच या मुलापासून होते. डोनाल्ड पुढे गावच्या बँकेत नोकरीला लागला (बँक त्याच्या घराण्याचीच होती, हेही सांगितले पाहिजे), गोल्फ खेळला, गाडी चालवली, एकट्याने परदेश फिरला. गावातल्या लोकांना त्याच्या सवयी माहीत होत्या. २०२३ मध्ये, ८९ व्या वर्षी तो वारला. त्याने शोध कसलाच लावला नाही.

फॉरवर्डमधल्या यादीची मला खरी भीती वाटते ती इथे. 'हुशार निघेल म्हणून त्याला सांभाळा' असा त्या यादीचा सूर असतो. हुशार निघाला नाही तर? ज्या आस्पर्गर यांच्या नावाने ही 'बुद्धिमान' स्वमग्नता ओळखली जायची, त्यांच्याबद्दल २०१८ मध्ये इतिहासकार हेरविग चेक यांनी व्हिएन्नाचे कागद तपासून लिहिले. त्यांनी काही मुलांना 'आम श्पीगेलग्रुंड' या केंद्रात धाडले होते. नाझी राजवटीत तिथे जवळजवळ ८०० मुले मारली गेली. उपयोगी मूल आणि बाकीची मुले, अशी वाटणी एकदा केली की ती कुठे जाऊ शकते हे त्या शहराने पाहिले आहे. 'आस्पर्गर' हे वेगळे निदान २०१३ मध्ये डीएसएममधून आधीच गेले होते. आता सगळे एकाच स्वमग्नता वर्णपटात मोडते.

पालकांसाठी थोडे कामाचे. वर्षाचे होईपर्यंत मूल 'बाबाबा' सारखे आवाज काढत नसेल, बोट दाखवत नसेल, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत स्वतःच्या मनाने दोन शब्द जोडत नसेल, हाकेला वळत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर आधी कानांची तपासणी करा आणि बालरोगतज्ज्ञांना भेटा. यातले काही असले म्हणजे स्वमग्नताच आहे असे नाही. कित्येक मुलांत ऐकण्याचा दोष निघतो, काही नुसतीच उशिरा बोलतात. पण ते कोणते मूल आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही, आणि तपासायला काही बिघडत नाही. थेरपी सुरू करायला निदानावर शिक्का बसण्याची वाट पाहण्याचीही गरज नसते. स्वमग्नता २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात आली आहे, त्यामुळे पुढे प्रमाणपत्र आणि सवलती मिळू शकतात.

आजोबांना मी त्या दिवशी आइन्स्टाईनबद्दल काही बोललो नाही. डोनाल्डच्या वडिलांच्या पत्राची गोष्ट मात्र सांगितली आणि विचारले, "आजोबा, तुम्ही दिवसभर त्याच्यासोबत असता. पुढच्या वेळी येताना असं लिहून आणाल का?" ते निवृत्त तलाठी होते, लिहिण्याचे काम त्यांच्या हाताला बसलेले. तीन आठवड्यांनी कानांचा रिपोर्ट आणि दोनशे पानी वही घेऊन आले. रिपोर्ट नॉर्मल होता. वहीची २६ पाने भरलेली होती. तारीख, वेळ, काय झाले, त्याआधी काय झाले होते, असे रकाने आखलेले. त्यातली नवव्या पानावरची नोंद मी केस पेपरवर उतरवून घेतली : पंखा बंद केला की रडतो, लाइट गेल्यावर पंखा थांबला तर रडत नाही, बटणाकडे बघतो.

"हे कधी लक्षात आलं तुमच्या?" मी विचारले.

"लिहायला लागलो तेव्हा," ते म्हणाले, आणि मग सुनेकडे बघून, "हिला आधीपासून माहीत होतं."